जबडा ही गरज, स्तन ही हौस?

कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात जबड्याच्या कर्करोगाचा रुग्ण शस्त्रक्रियेला घेतला, की बहुधा टेबलाच्या दोन टोकांना दोन चमू कामाला लागतात. एक चमू जबड्याचा रोगट भाग काढतो. दुसरा चमू रुग्णाच्या पायातलं फिब्युला नावाचं हाड त्याच्या रक्तवाहिन्या आणि वरची कातडी यांच्यासकट सोडवून घेतो. मग ते हाड कापून जबड्याच्या वळणात बसवतात आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. कधी आठ तास लागतात, कधी दहा. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो, त्यामुळे आपल्याकडच्या प्लास्टिक सर्जनांचा हात या कामावर चांगलाच बसलेला आहे. या सगळ्याला कुणी सौंदर्योपचार म्हणत नाही, आणि म्हणूही नये. त्या माणसाला जेवायचंय, बोलायचंय, चारचौघांत तोंड दाखवायचंय.

त्याच इमारतीत एखाद्या बाईचा अख्खा स्तन काढायचा ठरतो. सर्जन तेच, सूक्ष्मदर्शक तोच. पोटावरची कातडी आणि चरबी घेऊन त्यातून नवा स्तन घडवण्याची पद्धत गेली तीसेक वर्षं जगभर रुळलेली आहे. पण अशी सोय असते हे त्या बाईला बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. सांगितलंच तर निघता निघता, दारात, आणि तेही तिच्या नवऱ्याकडे बघून. तसं काही करायचं असेल तर करता येतं, पण खर्च येतो, आणि आता या वयात कशाला. नवरा मान हलवतो. बाई काही बोलत नाही, कारण प्रश्न तिला विचारलेलाच नसतो.

असं का होतं याचं एक उत्तर पैसा हे आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण पैशाच्या आधी एक समजूत आडवी येते. जबडा ही गरज आणि स्तन ही हौस, अशी ती समजूत. दोन्ही अवयव सारखे नाहीत हे मलाही कळतं. जबड्याशिवाय घास चावता येत नाही. स्तनाशिवाय बाई जगते, राबते, म्हातारी होते. पण जबड्याच्या बाबतीतही हिशेब नुसता घासाचा असता, तर नाकातून नळी घालून पातळ अन्नावर माणूस जगवता आला असता. आपण तेवढ्यावर थांबत नाही. माणसाला त्याचा चेहरा परत मिळायला हवा, हे आपण न सांगता गृहीत धरतो. बाईच्या छातीपाशी आलं की मात्र गृहीतक उलटं होतं, आणि तिला ते हवं आहे हे तिने आधी सिद्ध करून दाखवावं लागतं.

पुण्याला तर ही गोष्ट फार आधी कळलेली होती. इंग्रजांच्या सैन्यासाठी बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. १७९३च्या सुमारास पुण्यात, परंपरेने हे काम करणाऱ्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकिकत ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट छापून आली. ती वाचून पुढे जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येला नवी चालना मिळाली. कापलेल्या नाकाने कावसजी श्वास घेत होता, जेवत होता. तरी त्याला नाक हवं होतं. ते त्याला कशाला हवं, असं त्या कारागिराने विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्तन काढण्याची तारीख ठरण्याआधी प्रत्येक बाईला, ती कोणत्याही वयाची, गावाची, ऐपतीची असो, पुनर्रचनेबद्दल नीट सांगितलं गेलं पाहिजे आणि तिला स्वतःला विचारलं गेलं पाहिजे. तिने हो म्हटलं तर पैशाअभावी ते अडू नये. नाही म्हटलं तर तिच्या नकाराचाही तितकाच मान राखला जावा. हे वाचायला फार साधं वाटतं. पण आजच्या घडीला महाराष्ट्रातल्या बहुतेक बायकांच्या वाट्याला यातला पहिला भागसुद्धा येत नाही.

‘आता या वयात’ या तीन शब्दांकडे जरा थांबून बघायला हवं. त्यांच्यामागे बाईच्या शरीराकडे बघण्याची एक जुनी रीत आहे. मुलं झाली, दूध पाजून झालं, आता त्या अवयवाचं काम संपलं. याच रीतीचं भयंकर रूप बीड जिल्ह्यात दिसलं होतं. २०१९ साली सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळी आली की कामाचा खाडा पडतो, खाडा पडला की दंड, मग ‘पिशवी’ काढून टाकणं बरं, असा तो हिशेब होता. कर्करोगात स्तन काढणं जीव वाचवण्यासाठी असतं, त्यामुळे या दोन गोष्टींची सरसकट बरोबरी मी करणार नाही. पण कामापुरता अवयव आणि काम संपल्यावर अडगळ, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. आणि तो फक्त डॉक्टरांच्या डोक्यात नसतो. सासूच्या, नवऱ्याच्या, शेजारणीच्या आणि कित्येकदा त्या बाईच्या स्वतःच्याही डोक्यात असतो. जीव वाचला हे काय थोडं झालं, आता आणखी काय मागायचं, असं ती स्वतःलाच बजावत असते.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर हा प्रश्न खरं तर सुटलेला आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. दुर्बिणीतून तपासणी करायला आलेल्या बाईचं, ती भुलीत असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले होते. न्यायालय म्हणालं, ही संमती नव्हेच. सज्ञान बाई शुद्धीवर येऊ शकत असेल आणि जिवावरचा प्रसंग नसेल, तर तिच्या वतीने दुसऱ्या कुणी हो म्हणून चालत नाही. शिवाय खऱ्या संमतीसाठी रुग्णाला पुरेशी माहिती द्यावी लागते, आणि त्यात उपलब्ध पर्याय सांगणं येतं. आता विचार करा. स्तन काढल्यावर छाती तशीच सपाट ठेवता येते, लगेच नवा स्तन घडवता येतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी घडवता येतो, आणि काही जणींच्या बाबतीत मुळात पूर्ण स्तन काढायचीच गरज नसते. यातलं काहीच न सांगता संमतिपत्रावर अंगठा घेतला, तर त्या कागदाची किंमत काय?

पर्याय सांगायचे म्हणजे नुसती नावं वाचून दाखवायची नाहीत. इथे खरं काम आहे आणि ते आपल्याकडे पाश्चात्त्य पुस्तकातून जसंच्या तसं उचलता येणार नाही. ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक सिलिकॉनच्या इम्प्लांटची. दुसरी स्वतःच्या शरीरातून कातडी, चरबी, कधी स्नायू घेऊन स्तन घडवण्याची. या दुसऱ्या वाटेला सर्जन ‘फ्लॅप’ म्हणतात. इम्प्लांटची शस्त्रक्रिया तुलनेने लहान, रुग्णालयातला मुक्काम कमी. पण इम्प्लांट जन्मभर पुरेल अशी हमी नसते. ते फुटू शकतं, त्याभोवतीचं आवरण कडक होऊन छाती आवळल्यासारखी दुखू शकते आणि काही वर्षांनी ते बदलावं लागू शकतं. मुंबईत राहणाऱ्या, विमा असलेल्या बाईला ही गैरसोय आहे. गडचिरोलीहून किंवा चंदगडहून आलेल्या बाईसाठी ती आणखी एक मोठी शस्त्रक्रिया, आणखी एक प्रवास, आणखी एक कर्ज असू शकते. तिच्यासाठी सुरुवातीची शस्त्रक्रिया मोठी असली तरी एकदाच होऊन संपणारी फ्लॅपची वाट बरी ठरू शकते, असं मला वाटतं. गरिबाला स्वस्तातली शस्त्रक्रिया द्या, असा आपला सरळ हिशेब असतो. इथे तो उलटा पडायची शक्यता आहे.

पण फ्लॅपमध्येही कोणता, हा प्रश्न आहेच. १९८२ साली गाजलेल्या पद्धतीत पोटाच्या कातडीबरोबर पोटाचा उभा स्नायूही उचलला जायचा. त्याने पोटाची भिंत कमकुवत होते, हर्निया होऊ शकतो. पाठीचा रुंद स्नायू पुढे वळवून आणायची पद्धत तर त्याहून जुनी, इटलीतल्या तान्सिनी नावाच्या सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वर्णन केलेली. ती भरवशाची आहे, पण तो स्नायू हात खाली आणि मागे ओढण्याच्या कामात लागतो. कार्यालयात बसून काम करणाऱ्या बाईला त्याची उणीव फारशी जाणवणार नाही. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या, डोक्यावर भारा घेणाऱ्या, दिवसभर ओणवं राहून खुरपणाऱ्या बाईचं काय? डीप फ्लॅप ही १९९०च्या दशकात रुळलेली पद्धत स्नायू जागेवर ठेवून फक्त कातडी, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या उचलते. काम करणाऱ्या बाईला ती सगळ्यात सोयीची. पण ती सूक्ष्मदर्शकाखालची, सहा-आठ तासांची, आणि रात्रभर दर तासाला फ्लॅपचा रंग आणि ऊब तपासणारी तयार नर्स लागणारी शस्त्रक्रिया आहे. म्हणजे जिला ती सगळ्यात जास्त उपयोगी, तिच्या जिल्ह्यात ती होत नाही.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. ग्रामीण महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत. ओठात मिश्री म्हणजे रक्तात निकोटीन, आणि निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जोडलेल्या फ्लॅपला रक्त पोहोचलं नाही तर तो काळा पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सिगारेट ओढता का, असं बाईला विचारलं की ती साहजिकच नाही म्हणते. मिश्री लावता का, हे विचारायला त्या भागातलीच नर्स किंवा आशाताई लागते. पोटावर आधीच्या सिझेरियनचा किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा छेद आहे का, मधुमेह आटोक्यात आहे का, घरी परतल्यावर सहा आठवडे जड उचलायला नको म्हटलं तर पाणी कोण भरणार, हे सगळं आधी बोलावं लागतं. इंग्लंडमध्ये यासाठी स्तनविकारांची खास प्रशिक्षित नर्स असते, आणि माझ्या मते आपल्याकडे एखाद्या महागड्या यंत्रापेक्षा ती नर्स आधी यायला हवी. यंत्राचं उद्‌घाटन होतं आणि नर्सचं होत नाही, ही अडचण आहे खरी.

प्रामाणिकपणे सांगायचं तर घडवलेला स्तन हा गेलेला स्तन नव्हे. तिथे पूर्वीची संवेदना बहुतांशी परत येत नाही. त्यातून दूध येत नाही. स्तनाग्र वेगळं घडवावं लागतं किंवा गोंदवून रंगवावं लागतं. दोन्ही बाजू जुळण्यासाठी कधी चांगल्या बाजूलाही हात लावावा लागतो, आणि एका शस्त्रक्रियेत सगळं उरकेलच असं नाही. जाहिरातीसारखं गोड बोलून बाईला तयार करणं हे तिला अंधारात ठेवण्याइतकंच वाईट. इम्प्लांटच्या धंद्यातही काळे डाग आहेतच. फ्रान्समधल्या पिप या कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरल्याचं २०१० साली उघड झालं. २०१९मध्ये खडबडीत पृष्ठभागाच्या एका नामांकित कंपनीच्या इम्प्लांटचा एका दुर्मीळ लसिकापेशींच्या कर्करोगाशी संबंध दिसल्यामुळे ती जगभरातून परत मागवावी लागली. हेही बाईला सांगायला हवं. ती घाबरेल म्हणून लपवायचं नाही. केमोसारखी गोष्ट पचवणारी बाई एवढी माहितीही पचवू शकते.

उलट, ज्या भीतीला आधार नाही ती काढून टाकायला हवी. नव्या स्तनाच्या आड कर्करोग पुन्हा वाढेल आणि कळणारच नाही, असं अनेकींना वाटतं. काही डॉक्टरही तसं बोलून जातात. गेल्या काही दशकांचा अनुभव असं सांगतो की योग्य निवड केलेल्या रुग्णांमध्ये पुनर्रचनेमुळे कर्करोग परतण्याचं प्रमाण वाढत नाही. खरी गुंतागुंत वेगळीकडे आहे. आपल्याकडे गाठ मोठी झाल्यावर, काखेत पसरल्यावर येणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घ्यावं लागतं, ज्याला आपल्याकडे ‘लाईट घेणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात. शेक दिलेल्या जागी इम्प्लांटचा त्रास वाढतो. मग आधी शेक संपवून नंतर स्वतःच्या कातडीचा फ्लॅप करणं कधी शहाणपणाचं ठरतं. म्हणजे ‘आत्ता नको’ हा सल्ला बरोबर असू शकतो. पण ‘आत्ता नको, वर्षभराने या, तेव्हा असं असं करू’ हे सांगणं आणि विषयच न काढणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

त्यातही सगळ्यात चांगली पुनर्रचना म्हणजे जिची गरजच पडत नाही ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या हॅल्स्टेडने स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही खरवडून काढायची पद्धत रूढ केली आणि पाऊणशे वर्षं बायकांच्या छातीच्या फासळ्या दिसेपर्यंत शस्त्रक्रिया होत राहिल्या. मग मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी रीतसर चाचण्या केल्या. गाठ लवकर सापडली असेल तर तेवढीच काढून नंतर शेक दिला तरी बाई तितकीच जगते, हे त्यातून दिसलं. २००२ साली दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले तेही तेच सांगणारे. तरी आपल्याकडे अनेक जणी लहान गाठीसाठी अख्खा स्तन काढून घेतात. कारण शेक घ्यायला रोज जावं लागतं आणि यंत्र शंभर-दीडशे किलोमीटरवर असतं. परळला टाटा रुग्णालयात उपचार घ्यायचे तर दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळेल का, सोबत कोण राहील, घरच्या म्हशीचं कोण बघेल, हे प्रश्न गाठीच्या आकारापेक्षा मोठे होऊन बसतात. पूर्वी पाच-सहा आठवडे चालणारा शेक आता बहुतेकींना तीन आठवड्यांत, पंधरा वेळांत देता येतो. ब्रिटनमधल्या २०२०च्या चाचणीने तर निवडक रुग्णांत तो एका आठवड्यात, पाच वेळांत देऊन दाखवला. ही बातमी तालुक्याच्या सर्जनपर्यंत पोहोचली, तर कित्येक स्तन वाचतील. पुण्यासारख्या शहरात ऑन्कोप्लास्टी, म्हणजे गाठ काढतानाच उरलेल्या स्तनाची नीट मांडणी करण्याचं काम, चांगलं रुजलं आहे. ते पुण्यात असून सांगोल्याच्या बाईला काय उपयोग, हा प्रश्न राहतोच.

आता पैसा. अमेरिकेत २१ ऑक्टोबर १९९८ रोजी एक कायदा झाला. जी विमा कंपनी स्तन काढण्याचा खर्च देते, तिने पुनर्रचनेचाही द्यावा, दुसरी बाजू जुळवून घेण्याच्या शस्त्रक्रियेचाही द्यावा, बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचा आणि हात सुजतो त्याच्या उपचाराचाही द्यावा, असं तो सांगतो. कायदा चांगला, पण पैशाची सोय होऊनही गरीब आणि कृष्णवर्णीय बायका मागेच राहिल्या, कारण त्यांना कुणी सांगतच नव्हतं. म्हणून २०१० साली न्यूयॉर्क राज्याने वेगळा कायदा करून, स्तन काढण्याआधी पुनर्रचनेची माहिती देणं रुग्णालयांना बंधनकारक केलं. आधी पैसा आणि मग सांगणं, असा त्यांचा उलटा प्रवास झाला. आपल्याला दोन्ही एकदम करता येईल.

आपल्याकडे गंमत अशी आहे की विम्याची अर्धी लढाई कुणाला पत्ता न लागता जिंकलेली आहे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीच्या किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेला पैसे मिळत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने या नकाराची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली आणि त्यात अपवाद लिहिला: अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळून. म्हणजे कर्करोगानंतर स्तन घडवणं हा सौंदर्योपचार नाही, हे नियामकाने पांढऱ्यावर काळं करून ठेवलंय. पण ते वाक्य पॉलिसीच्या पंधराव्या-विसाव्या पानावर, नकाराच्या यादीच्या पोटात असतं. रुग्णालयाच्या विमा खिडकीवर ‘प्लास्टिक’ शब्द दिसला की तिथला मुलगा म्हणतो, मॅडम, हे बसत नाही. बाईला, तिच्या भावाला, कधी सर्जनलाही अपवाद माहीत नसतो. विषय तिथेच मिटतो. शिवाय दुसरी बाजू जुळवून घेण्याच्या शस्त्रक्रियेचं काय, याचं स्पष्ट उत्तर त्या वाक्यात नाही. अमेरिकेच्या कायद्यात ते एका ओळीत आहे. आपल्या नियामकालाही ती ओळ घालणं जड नाही.

आणि विमाच नसलेल्या बायकांचं काय? त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आज कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं कवच देते. तिच्याबद्दल मी हलकं बोलणार नाही. केमो आणि शस्त्रक्रिया तिच्यामुळे झालेली कितीतरी घरं आहेत. माझी मागणी अशी, की स्तन काढण्याच्या पॅकेजला जोडूनच स्तनाच्या पुनर्रचनेचं नावानिशी वेगळं पॅकेज हवं, त्याचा दर आठ तासांच्या शस्त्रक्रियेला परवडेल असा हवा, आणि मागाहून, वर्ष-दोन वर्षांनी येणाऱ्या बाईलाही ते लागू हवं. दर तोकडा असला की रुग्णालय ती शस्त्रक्रिया करतच नाही, मग यादीत नाव असून नसून सारखंच.

यावर पहिला आक्षेप मला ऐकू येतोच. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. इतक्या बायका मरत असताना तुम्हाला स्तन घडवायचे सुचतंय? आक्षेप बिनबुडाचा नाही. लवकर निदान, वेळेवर केमो, जवळचा शेक, यांचा क्रम पहिलाच. पण हाच तर्क जबड्याला कधी लावलेला मी ऐकलेला नाही. तोंडाच्या कर्करोगानेही माणसं मरतात. म्हणून फिब्युलाच्या शस्त्रक्रिया थांबवा असं कुणी म्हणत नाही. शिवाय स्तन काढून टाकतील या भीतीने गाठ लपवणाऱ्या, महिनोन्‌महिने झाडपाला लावत बसणाऱ्या बायका आपल्या ओळखीत असतातच. ‘काढलं तरी पुन्हा घडवता येतं’ हे वाक्य त्यांच्यातल्या काही जणींना तरी लवकर दवाखान्यात आणेल, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप माझ्या मैत्रिणींकडून येतो आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. बाई म्हणजे दोन स्तन, ही सक्ती तुम्ही सर्जनच्या हातून पुन्हा लादताय, असं त्या म्हणतात. खरं आहे. लग्न टिकावं म्हणून, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून, मुलगी बघायला पाहुणे येतील तेव्हा ‘दिसू’ नये म्हणून पुनर्रचना करायची असेल तर त्यात बाई कुठे आहे? पण मग उत्तर विषय झाकून ठेवणं हे नाही. सपाट छातीने राहायचं असेल तर तेही नीटनेटकं व्हायला हवं. कडेला लोंबणारी कातडी, काखेखाली गोळा, खड्ड्यात ओढला गेलेला व्रण, असं सोडून द्यायचं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२०मध्ये सपाट पण सुबक शिवणीची व्याख्याच आपल्या कोशात घातली, कारण तिथल्या बायकांनी ती मागितली. इंग्लंडमध्ये, जिथे सरकारी रुग्णालयात पैसे पडत नाहीत, तिथे २००८-०९च्या पाहणीत स्तन काढलेल्यांपैकी पाचांतल्या साधारण एकीनेच लगेच पुनर्रचना करून घेतलेली दिसली. सोय केली म्हणजे सगळ्या धावत सुटतील, ही भीती खरी नाही, आणि कुणी करून घेतली नाही म्हणून सोयच नको, हेही खरं नाही.

मधली वाटही आहे. ज्यांना शस्त्रक्रिया नको, त्यांना बाहेरून ब्लाउजमध्ये घालायचा कृत्रिम स्तन. सिलिकॉनचा चांगला मिळतो, पण त्याला हजारो रुपये मोजावे लागतात. म्हणून कुणी जुना रुमाल गुंडाळून घालते, कुणी कापडी पिशवीत मोहरी भरून वजन आणते. छाती जड असलेल्या बाईची एक बाजू गेली की खांदा एकीकडे झुकतो, मान आणि पाठ धरते; साडीच्या पदराखाली दिसत नाही म्हणून ते दुखत नाही असं नाही. मुंबई-बंगळुरूकडच्या काही स्वयंसेविका सुती धाग्याचे विणलेले कृत्रिम स्तन मोफत पाठवतात, ते हलके असतात, धुता येतात. सरकारी योजनेतून कुबडी मिळते, जयपूर फूट मिळतो, श्रवणयंत्र मिळतं. त्याच यादीत हे का नसावं?

ज्यांची शस्त्रक्रिया पाच किंवा दहा वर्षांपूर्वी होऊन गेली आहे, त्यांच्यासाठीही दार बंद झालेलं नाही. तब्येत चांगली असेल, कर्करोग शांत असेल, तर पुनर्रचना उशिरानेही करता येते. विमा असेल तर पॉलिसीत ‘कॉस्मेटिक ऑर प्लास्टिक सर्जरी’ हे कलम शोधा. त्यापुढे ‘एक्सक्ल ०८’ असा सांकेतिक क्रमांक असतो. त्यातलं कर्करोगाचं वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून सर्जनच्या पत्राला जोडा. पत्रात ‘कर्करोगानंतरची पुनर्रचना’ हे शब्द हवेत. खिडकीवरचा तोंडी नकार घेऊन परतू नका, लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाने ३० दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि पुण्याला आहेत. तिथे अर्जाला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.